पावतीची मूठ

अक्का, जन्मभर तुला तुम्ही म्हणाले. तू मला "ए धुरपे" म्हणायचीस आन् मी "अहो अक्का". वयानं तू मोठी होतीस, पण ते काही वयासाठी नव्हतं, तुलाही माहीत होतं. आता तू जमिनीच्या आत आहेस आणि मी वर, म्हणून एकेरीत बोलते. राग आला तर येऊ दे. तुझा राग मी भर बाजारात, भर उन्हात खाल्लेला आहे. आता त्याच्यापेक्षा जास्तीचा कुठून आणशील?

तुला जाऊन आज पाचवा दिवस. काल तुमच्या दारात माणसं बसली होती तेव्हा मीही येऊन ओट्याच्या कडेला टेकले. एक पाव्हणा म्हणाला, अक्कांचा हात लई सढळ, गरिबाला कधी कमी मोजलं न्हाई. सगळ्यांनी माना हलवल्या. मी नाही हलवली. तुझ्या सुनेनं ते बघितलं. घरी आले आणि विमलची एक कोरी वही घेऊन बसले. विमल म्हणाली, "आई, गेलेल्या माणसाचं चांगलंच लिहावं."

मी म्हणाले, चांगलंच लिहिते, पण घडलेलं लिहिते.

हात सढळ होता, हे खरंच आहे. पण तो कुठून सुटायचा, हे त्या पाव्हण्याला काय ठाऊक. त्याचा पदर त्या हाताखाली कधी पसरलेला नव्हता.

तुझी बसायची जागा मला अजून डोळे मिटून सापडेल. बाजाराच्या तोंडाला लिंबाचं झाड, त्याच्या सावलीत तरट अंथरलेलं, त्यावर ज्वारीचा ढीग, बाजूला तुरीची डाळ, मीठ, मिरच्या. तुझे मालक अर्धांगानं खाटेला खिळले तेव्हापासून तू एकटी बसायचीस. चाकूरच्या अडतीवरून पोती यायची. निळं लुगडं, कपाळाला विभूती, गळ्यात चांदीची डबी आणि डबीत तुमचं लिंग. बारकीशी चिमूट तपकीर ओढून तू शिंकलीस की आम्ही म्हणायचो, आता अक्काचा बाजार सुरू झाला.

येणारं गिऱ्हाईक आधी ढिगात हात घालायचं. मनगटापर्यंत. खालचे दाणे वर काढायचं, चोळायचं, एखादा दाताखाली फोडून बघायचं. ती पारख. पारख केल्याशिवाय कुणी ज्वारी घेत नव्हतं, आणि तुला त्याचा राग नव्हता, उलट तू म्हणायचीस, घाला हात, माझा माल उघडा हाय.

आमच्या वस्तीतल्या बायका दोन हात लांब उभ्या राहायच्या. पारख नाही. पदर पसरायचा आणि तू मापटं भरून वरून सोडायचीस, पदराला हात लागू नये एवढ्या उंचीवरून. ज्वारी गोल असते अक्का, ती उंचावरून पडली की उडते. काही दाणे पदरात, काही आमच्या पायापाशी. आम्ही लांब गेलो की तू केरसुणीनं ते पायापाशी पडलेले दाणे ओढून घ्यायचीस आणि परत ढिगात टाकायचीस. मला कितीतरी वर्षं हे कोडं होतं. आमच्या पायापाशी लोळलेला दाणा ढिगात चालायचा. आमचा हात चालत नव्हता.

हे सगळं तरी चाललं होतं. आम्हीही चालवून घेत होतो. मग तो दुष्काळ आला.

लातूर नवा जिल्हा झाला त्याच्या आसपासचे दिवस. आपला जिल्हा, आपलं हापीस, आता कागदाला उस्मानाबादला जायला नको, म्हणून लोक खूश होते. शाळेत पोरांना गूळ-फुटाणे वाटले, विमलनं माझ्यासाठी अर्धे मुठीत दाबून आणले होते. ते फुटाणे खाऊन मी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेले, कारण विहिरीत पाणी नव्हतं, शेतात काम नव्हतं आणि घरातला माणूस साखर कारखान्याकडं गेला तो गेलाच.

नवा जिल्हा झाल्यावर आपल्या बाजारात पहिल्यांदा काय नवं आलं असेल, तर तहबाजारी वाढली. बाजारात बूड टेकलं की जी पावती फाडावी लागते ती. बाजाराचा ठेका घेतलेल्या गुत्तेदाराचा माणूस पावतीबुक घेऊन यायचा, तो म्हणाला, जिल्हा नवा, दर नवा. जिल्ह्याचा आणि त्याचा काय संबंध होता कुणास ठाऊक, पण कुणी विचारलं नाही. तुम्ही विकणारे चिडलात. चार शिव्या घातल्यात. आणि मग सगळ्यांनी मिळून वाट काढलीत. मापटं भरायचं, गिऱ्हाइकाला दाखवायचं आणि पदरात सोडायच्या आधी त्यातली एक मूठ परत ढिगात टाकायची. पावतीची मूठ.

पोतं किंवा कट्टा, म्हणजे अर्धं पोतं, घेणाऱ्याला मूठ नव्हती. मोठं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या तरटावर जाईल ना. मूठ मापट्याला. आणि मापटं कोण घेतं? ज्याच्याकडं आजच्या पुरतंच आहे, तो.

तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते. एका मापट्यात माझ्या घरी संध्याकाळची भाकरी व्हायची आणि सकाळी विमलला शाळेत जाताना अर्धी उरायची. मूठ गेली, वरून सोडताना उडालं तेही गेलं, आणि ती सकाळची अर्धी भाकरी गेली. मी कामावर उपाशी गेले तर माझं मी बघेन. पण विमल दुसरीत होती. गुरुजींनी निरोप धाडला की पोरगी पाटीवर डोकं ठेवून झोपते, तिला बरं नसेल तर घरी ठेवा. तिला काही झालं नव्हतं. अर्धी भाकरी नव्हती, एवढंच झालं होतं.

त्याच पोरीच्या पाटीवरून मी अक्षरं शिकले. शाळा कधी बघितली नाही, पण चूल पेटवता पेटवता तिचं गिरवलेलं मी राखेत गिरवायची. नाव लिहायला आलं, मग मिठाच्या पुडीचा कागद वाचायला आला. आणि एका बाजारी पदरातली ज्वारी सुपात ओतली तर तिच्यात एक पावती निघाली. तुझी. ढिगावर ठेवली असशील, मापट्याबरोबर आली. मी आणि विमल दोघी वाचायला बसलो. एकेक अक्षर. बैठक. दर विक्रेत्यास. एक दिवस.

विमलला मी विचारलं, दर विक्रेत्यास म्हणजे काय गं? ती म्हणाली, विकणाऱ्या प्रत्येकाला एकदा.

एकदा. अक्का, पावती सकाळी एकदा फाटत होती आणि तुझी मूठ दिवस मावळेपर्यंत चालत होती. पहिल्या दहा-बारा बायकांमध्ये तुझी पावती वसूल होत असेल. नंतरच्या मुठी कुणाच्या?

पुढच्या बाजारी मी आले ती पदर खोचूनच. हातात घरचा पितळी गंज होता. तू मापटं भरलंस. मी म्हणाले, "अक्का, सपाट द्या. मूठ काढू नका. आन् वरून सोडू नका, ह्या गंजात ठेवा."

तुझं तोंड बघण्यासारखं झालं. आता कळतं मला तू काय समजलीस ते. आपल्या बाजारात सपाट माप कोण मागतं? ज्याला म्हणायचं असतं की तू मापात पाप करतेस. मुठीचा हिशोब मनात होता, पण माप खोटं असं मला म्हणायचं नव्हतं. मला हात पाहिजे होता, तुला वाटलं मी तुझं इमान काढलं. तू डबी मुठीत धरलीस आणि भर बाजारात शपथ घेतलीस, गळ्यात शिव हाय माझ्या, माझं माप खोटं म्हणणाऱ्याची जीभ झडंल.

मीही तेव्हा तिशीच्या आतली, जीभ कशाला झडू देते. म्हणाले, "तुमच्या गळ्यातल्याला जात चालत न्हाई म्हणत्यात. मग हाताला कशी चालती?"

शेजारचा मिरचीवाला फिसकन हसला, आणि ते हसणं तुला माझ्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. तू मापटं ढिगात उपडं केलंस आणि म्हणालीस, मूठ नको तर कट्टा घे की, कट्ट्याला मूठ न्हाई. घेतीस का कट्टा?

त्या दिवशी मी रिकामा गंज घेऊन घरी गेले. विमलला आंबाडीची भाजी उकडून दिली, नुसती. तिनं गंजाकडं बघितलं आणि खायला लागली. मी रात्रभर तुला शिव्या घातल्या. पण सकाळी खडीवर बसले तेव्हा तुझंच बोलणं डोक्यात. घेतीस का कट्टा. का नाही? एकटीला जमत नाही. नऊजणींना जमेल. दगड फोडता फोडता एकेकीला सांगितलं. हप्ता मिळाला की प्रत्येकीनं आपल्या आठवड्याच्या मापट्यांचे पैसे एकत्र करायचे आणि एक कट्टा उचलायचा. ना मूठ, ना पदर. दोघी घाबरल्या, अक्का उधार बंद करंल म्हणाल्या. मी म्हणाले, आपल्याला उधार देतंय कोण?

बाजाराच्या दिवशी बाकीच्या कामावर गेल्या, त्यांचा दिवस बुडायला नको. माझ्या अंगठ्यावर हातोडा बसला होता, म्हणून मी आले. तुझ्यासमोर सगळ्यांचे पैसे ठेवले आणि म्हणाले, कट्टा द्या.

तू पैसे मोजून घेतलेस. मागं रचलेल्यातल्या एका शिवलेल्या कट्ट्याकडं बोट केलंस. आजूबाजूचे विकणारे बघत होते. उद्या सगळ्याच बायका असं करायला लागल्या तर त्यांची मूठ बुडते, हे त्यांना तुझ्या आधी कळलं असावं. मी हमालाला म्हणाले, दादा, जरा हात लावा, डोक्यावर घेते. तो दुसरीकडं बघायला लागला. मिरचीवाल्याला म्हणाले. तो मिरच्या निवडायला लागला. भरलेला कट्टा, एकटीला कसा उचलावा? एकदा टोक धरून बघितलं, गुडघ्यापर्यंत आला आणि खाली गेला. कुणीतरी म्हणालं, जिल्ह्याला अर्ज कर, आता जवळच हाय.

मी कट्ट्याला टेकून उभी राहिले. रडणार नव्हते. पण कट्टा तिथंच राहिला असता तर नऊ घरांची चूल माझ्या मानेवर होती, आणि पुन्हा कुणी माझं ऐकलं नसतं.

तेव्हा तू उठलीस. तू बाजार उठेपर्यंत जागेवरून उठत नव्हतीस कधी, मालकांना बरं नसलं तरी. लुगड्याचा काष्टा घट्ट केलास, तरटावरून उतरलीस, कट्ट्याचं दुसरं टोक धरलंस. म्हणालीस, बस खाली. मी उकिडवी बसले, डोक्यावर चुंबळ ठेवली. तू कट्टा कलता केलास, माझ्या डोक्यावर आणलास, आणि मी उठताना तो एकीकडं झुकला. तेव्हा माझ्या हातावर तुझा हात आला. कट्ट्याखाली, माझ्या दुखऱ्या अंगठ्यावर. घट्ट. मी सरळ उभी राहीपर्यंत तू तो काढला नाहीस.

"सरळ उभी राहा, धुरपे. मान मोडशील."

एवढंच बोललीस. मग तरटावर जाऊन बसलीस आणि तपकीर ओढलीस.

गावात लोक सांगत फिरले की अक्कानं घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ केली. मी म्हणाले, कशानं? त्या वर्षी प्यायला हंडाभर पाणी मिळत नव्हतं, डोक्यावरून आंघोळ कशानं केली असेल अक्कानं?

आता माझंही सांगते, नाहीतर म्हणशील धुरपी फक्त माझंच काढती. कट्टा घरी नेला, शिवण उसवली, संध्याकाळी वाटायला बसले. एकेकीचा गंज पुढं, मापटं भरायचं, बोटानं सपाट करायचं, गंजात ठेवून उपडं करायचं. मोठी ऐट होती मला. मग पलीकडच्या मातंग वस्तीतली पारू आली. तीही खडीवर आमच्याबरोबर असायची. म्हणाली, पुढच्या बारीला मलाबी घ्या, आज मापटंभर तरी द्या. मी हो म्हणाले आणि मापटं भरलं. अक्का, माझा हात आपोआप वर गेला. तिच्या पदरापासून हातभर वर.

विमल शेजारी बसली होती. म्हणाली, "आई, तू अक्कासारखं घालतीस."

पोरीनं सहज म्हणलं. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. मापटं खाली आणलं, पारूचा पदर हातात धरला, त्यात ठेवलं. पारूला कळलं होतं. त्या दिवसापासून मी तुझ्यावर पूर्वीसारखी चिडू शकले नाही, आणि तुला माफही करू शकले नाही. दोन्ही एकदम चालू राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमल अर्धी भाकरी खाऊन शाळेत गेली. तिला मी लांबपर्यंत बघत राहिले.

तू मूठ बंद केलीस का? नाही. दुसऱ्या गावच्या बायकांच्या मापट्यातून ती पुढच्या पावसापर्यंत जातच होती, मी बघत होते. माझ्यापुरतं मात्र तू एक वेगळंच सुरू केलंस. मी कधी मधी मापट्याला आले की तू शीग लावायचीस. काठाच्या वर टेकडीसारखी, घसरेपर्यंत. आणि वरूनच सोडायचीस. मी म्हणायची, शीग नको अक्का, सपाट चालंल, हातात द्या. तू म्हणायचीस, जास्तीचं देते तर नखरे कसले. हे आपलं भांडण तरटाचं दुकान झालं, मापटी जाऊन तराजू आला तरी चाललं, तराजूच्या ताटलीत तू शेवटी एक मूठ जास्तीची टाकायचीस आणि पिशवी मात्र फळीवर सरकवायचीस. मी तीच मूठ काढून फळीवर ठेवायची. तुझी सून म्हणायची, ह्या दोघींचं काय चाललंय कळत न्हाई. आपल्याला कळत होतं. तू देणं सोडणार नव्हतीस आणि मी मागणं सोडणार नव्हते, पण तू देत होतीस ते मी मागत नव्हते.

तुझ्या शेवटच्या उन्हाळ्यात मी आले होते, आठवतं? दुकान कधीच बंद झालेलं, पोरगा लातूरला, तू आणि सून दोघीच. तुझ्या उशाशी पिठाची बंद पिशवी पडली होती. तू मला म्हणालीस, धुरपे, तुला वाचायला येतं, ह्याच्यावर काय लिवलंय बघ. मी बघितलं, आणि मला पेपरात वाचलेलं आठवलं ते सांगितलं. बारक्या बंद पिशवीला सरकारचा कर आहे, पंचवीस किलोच्या वरच्या पोत्याला नाही. दाणादाणा घेणाऱ्यानं भरायचा, पोतं उचलणाऱ्याला माफ.

तू छताकडं बघत म्हणालीस, "म्हंजी मूठच की गं ती."

हसलो आपण. तुला हसताना ठसका लागला, पाठ चोळली मी तुझी. माझा हात तुझ्या पाठीवर होता आणि तू तो झटकला नाहीस. म्हणालीस, आता माझ्यातनंबी जाती. मी म्हणाले, जाऊ द्या, कट्टा घेऊ दोघीत. तू म्हणालीस, उचलायचा कुणी?

तेव्हाच विचारायचं होतं. चाळीस वर्षं विचारायचं होतं. त्या दिवशी कट्ट्याखाली तुझा हात चुकून लागला होता, का लावला होतास? तोंडापर्यंत आलं. नाही विचारलं. लोकांना वाटतं धुरपताबाई कुणाला भीत नाही, गुत्तेदाराला भ्याली नाही, तहसीलदाराला भ्याली नाही. तुझ्या उत्तराला भ्याले मी. तू म्हणाली असतीस, चुकून गं, तर मी त्या एका हातावर काय काय उभं केलं होतं ते सगळं कुठं ठेवलं असतं?

आता उत्तर नाही मिळायचं. मग मीच ठरवलंय, तू लावला होतास. खोटं असेल तर वर येऊन सांग.

तुला मातीत ठेवलं त्या दिवशी मी बांधावर उभी होते. तुमच्यात बसवून ठेवतात, ते मला आवडतं. खड्ड्यात तू तरटावर बसल्यासारखीच बसली होतीस, विभूती लावलेली, डोक्यावर बेलाची पानं. जंगमाचे मंत्र म्हणून झाले. बाजूला उकरलेल्या मातीचा ढीग होता, लोक एकेक मूठ घेऊन टाकत होते. माझी पाळी आली तेव्हा तुझा पुतण्या घमेल्यात माती घेऊन माझ्यापाशी आला. चांगला पोरगा आहे, मावशी म्हणतो मला. म्हणाला, मावशी, तुम्ही कशाला मातीत येता, हात पुढं करा. आणि त्यानं माझ्या ओंजळीवर हातभर उंच घमेलं धरलं. त्याच्या मनात काही नव्हतं. हाताला सवय होती, माझ्या हाताला होती तशीच.

मी ओंजळ मागं घेतली. म्हणाले, बाळा, राहू दे, मी घेते.

बांधावरून उतरले. लोकांनी वाट दिली, काहींनी एकमेकांकडं बघितलं. ढिगापाशी गेले आणि मनगटापर्यंत हात घातला. आत गार होती. खालची वर काढली, चिमटीत चोळून बघितली. काळी, भुसभुशीत, खडा नाही. चांगली माती आहे तुझी, अक्का. मूठ भरली, बोटानं सपाट केली. मग खड्ड्याच्या काठाला गुडघे टेकले, वाकले, हात आत घातला आणि ती तुझ्या खांद्यापाशी ठेवली.

वरून टाकली नाही.